डायवरिणीने सांगितलेला शेवट

ज्या माणसाला अंधाराशिवाय काही दिसत नाही त्याला अख्खी गल्ली ‘डायवर’ म्हणते असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा म्हणेल, लोकांना जनाची नाही तर मनाची तरी असावी. पण लोकांचा काही दोष नव्हता. तो खरोखरच डायवर होता. बस चालवायचा. अवघड वळणावर गाडी अशी फिरवायचा की मागच्या बाकावर झोपलेलं पोरही कूस बदलत नसे. मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. हा आजार मोठा लबाड. पुढच्या दाराने येत नाही, कडेकडेने कुरतडत येतो. आधी बाजूने येणारी माणसं दिसेनाशी झाली. मग नळीतून बघावं तेवढंच जग उरलं, आणि एक दिवस त्या नळीचंही तोंड बुजलं. बस गेली, अंगावरची खाकी गेली, नाव तेवढं राहिलं. त्यामुळे बायकोही आपोआप डायवरीण झाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो रस्त्याने निघाला की कोपऱ्यावरचे लोक म्हणायचे, “आता गाडी वहिनी चालवतात वाटतं!” त्यावर आधी हसणारा तोच. “चालवू दे की. ब्रेक अजून माझ्याकडेच आहेत.”

हसण्यापर्यंत यायला मात्र त्याला बरेच दिवस लागले होते, आणि ते दिवस डायवरिणीने पाहिले होते.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे त्यात बसवा संसार. पण बुडत्याला काडीचा आधार. कुणी म्हणालं, अमक्याकडे थेंब मिळतात. गेला तिकडे. थेंबांनी डोळ्यांची अशी आग झाली की ओलं फडकं बांधून तो कितीतरी दिवस पडून होता. मग कुणी म्हणालं, एक जण मुळी उगाळून लावतो. तिकडेही गेला. मग एक मालिशवाला भेटला, तो म्हणे मानेची एक शीर मोकळी झाली की डोळे उघडतात. प्रत्येक वेळी जाताना डायवर दाढी करून, धुतलेला सदरा घालून जायचा. प्रत्येक वेळी आल्यावर पहिले काही दिवस सकाळी उठून खिडकीपाशी उभा राहायचा आणि विचारायचा, “उजाडलं का गं?” आणि ती “हो” म्हणाली की पुन्हा अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला उठवावं तर “ठेव तिथे.” मुलगी लग्नाची झालेली, तीही बापाशी बोलायला बिचकायची. त्या मालिशवाल्यानंतर तो जो पडला, तो आता उठतच नाही असं डायवरिणीला वाटलं होतं.

पण उठला. वेताच्या खुर्च्या विणायच्या एका कारखान्यात त्याला कुणीतरी नेऊन बसवलं. कारखाना म्हणजे काय, एक लांबडी खोली, दोन खिडक्या, चौकटी करणारा सुतार, पॉलिश करणारा पॉलिशवाला, आणि हिशेबाला बसणारा मालक. खुर्चीच्या चौकटीला भोकं असतात, त्यांतून वेताच्या पट्ट्या आधी उभ्या ओवायच्या, मग आडव्या, मग तिरप्या, की जाळी तयार होते. डायवरच्या बोटांना ते काम असं मानवलं की जणू ती स्टिअरिंगवर नाही, तिथेच जन्मली होती. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा थांबला. मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली. त्या दिवशी तो मांडवात खुर्चीवर बसून होता आणि डायवरीण कानाशी लागून सगळं सांगत होती. “पोरगी निघाली. वळून बघते आहे. रडत नाही हो, हसते आहे.” पुढे कितीतरी दिवस तो ते वाक्य मधूनच स्वतःशी म्हणायचा. रडत नाही, हसते आहे.

आता सिनेमाचं. डोळे होते तेव्हा डायवर सिनेमाचा भक्त. शेवटची फेरी संपवून खाकीतच थिएटरात शिरणारा. डोळे गेल्यावर सिनेमाचं नाव काढलं तरी अंगावर यायचा. पण कारखान्यात रुळल्यावर एके दिवशी डायवरीण म्हणाली, “चला, बोलणं तुम्हाला ऐकू येतंच. बाकीचं मी सांगते.”

आणि काय सांगायची हो ती! घरी तिचा इस्त्रीचा धंदा. गल्लीतले निम्मे कपडे तिच्या हाताखालून जायचे, म्हणून तिची नजर आधी कपड्यावर. “गरीब दाखवलाय,” ती कुजबुजायची, “पण सदऱ्याची घडी बघा, आत्ताच मोडलीय. कॉलर कडक. असले गरीब आमच्याकडे कपडे टाकायला येतात.” किंवा, “रडते आहे ती. पण पदराने डोळे पुसले, तरी पदर कोरडाच.” डायवरला हसू आवरायचं नाही. पुढचे लोक मागे वळून म्हणायचे, “ओ बाई, गप्प बसा ना जरा!” शेवटी दारवान त्या दोघांना अगदी मागच्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्च्या द्यायला लागला. म्हणजे कुणाला त्रास नको. झालं उलटंच. हळूहळू लोक मागच्या रांगेचीच तिकिटं मागायला लागले. एकदा तर सिनेमा इतका रटाळ होता की पुढच्या रांगेतला एक गृहस्थ पडद्याकडे चक्क पाठ करून बसला आणि म्हणाला, “वहिनी, जरा मोठ्याने. इथून बरा वाटतोय.”

असं चाललेलं असताना तो सिनेमा आला.

आंधळ्या नायकाचा सिनेमा. डायवरीण आधी न्यायलाच तयार नव्हती, पण तोच म्हणाला, “बघू तरी, आमच्या भाऊबंदांचं काय चाललंय ते.” सिनेमात तो आंधळा तरणा होता, आणि त्याला हाताला धरून नेणारी एक साधी पोर होती. ती फुलांच्या दुकानात कामाला. त्याचं सगळं तीच करायची. डायवर अगदी मन लावून ऐकत होता. मध्यंतरात तो चहाचा कप हातात धरून बसला असताना समोरच्या रांगेतली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, “अगं, थांब ना, शेवटी जिन्यावरून पडतो, डोक्याला मार लागतो आणि डोळे येतात त्याला. मी दुसऱ्यांदा बघतेय.”

डायवर चहा फुंकण्यात होता, त्याने ते ऐकलं नाही. डायवरिणीने ऐकलं. तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली, आणि “उजाडलं का गं?” आता हा माणूस घरी जाईल आणि म्हणेल, डोक्याला मार लागून येतात म्हणे. कुणी सांगावं, कुठला तरी जिनाही शोधील.

शेवट जवळ आला तशी ती म्हणाली, “अहो, मला गरगरतंय. उठा, बाहेर जाऊ.” तो बिचारा लगेच उठला. घरी तिला लिंबूपाणी करून दिलं, सांडलं थोडं, पण दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, “शेवट काय झाला असेल गं?” ती म्हणाली, “विचारून येते दारवानाला.” कोपऱ्यापर्यंत गेली, उभी राहिली, आणि परत आली. तेवढ्या वेळात तिने एक शेवट रचला. आंधळा आंधळाच राहतो. त्या पोरीशी लग्न करतो. दोघं मिळून फुलांचं दुकान काढतात. तो वासावरून फुलं ओळखतो आणि हार बांधतो, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही की याला दिसत नाही.

डायवर म्हणाला, “हा सिनेमा ज्याने काढला ना, तो माणूस शहाणा आहे. त्याला ठाऊक आहे.”

त्यानंतर तिने मनातल्या मनात पदराला गाठ मारली की पुन्हा असं करायचं नाही. आणि केलंही नाही. पुढची सगळी वर्षं जे दिसलं तेच सांगितलं.

आता कारखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. वेताच्या पट्ट्या कोरड्या विणल्या तर मोडतात. म्हणून त्या आधी पाण्याच्या टाकीत भिजत घालतात. त्या भिजेपर्यंत हात रिकामे. आणि हात रिकामे झाले की तोंड कामाला लागतं. कारखान्यात ठरलेलं होतं, वेत भिजेपर्यंत एकच विषय चघळायचा. कधी सासऱ्यांचा चिक्कूपणा, कधी भुताटकी. त्या दिवशी सुताराने विषय टाकला, “आयुष्यात बघितलेला सगळ्यांत भिकार सिनेमा कुठला?”

सुरुवात त्यानेच केली. “माझा तो वाड्याला आग लागण्याचा. एवढा थोरला खांब पडतो बाईच्या अंगावर, आणि ती तो एका हाताने बाजूला सारते! सागवानी खांब, आणि पडल्यावर चेंडूसारखा उडाला! मी वडिलांना घेऊन गेलो होतो. हाडाचा सुतार माणूस, आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात आलेला. तो खांब बघून मला म्हणाले, ‘असल्या लाकडाला लोक रडतात होय रे?’ पुन्हा कधी आले नाहीत. मला त्या सिनेमाचा राग येतो तो त्याचाच.”

पॉलिशवाला म्हणाला, “माझा तो खिडकीचा. एक माणूस तीन तास खिडकीतून बाहेर बघतो. मला पारखायला म्हणून नेलं होतं मुलीकडच्यांनी. मुलगी उजवीकडे, तिचा भाऊ डावीकडे, आणि मी मध्ये घोरायला लागलो. मोडलं लग्न.”

“मग तो वाईट कसा रे?” सुतार म्हणाला. “वाचवलं की त्याने.”

“मला?”

“तुला कशाला? तिला!”

सगळे हसले, डायवरही हसला. मग हिशेबाच्या टेबलामागून मालकाने तोंड उघडलं. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. “माझ्या सिनेमाला तोड नाही बघा. तो आंधळा आणि फूलवाली. असला फालतूपणा—”

“काय सांगता मालक!” डायवर मधेच बोलला. “तो तर उत्तम सिनेमा. इतका खरा सिनेमा मी दुसरा ऐकलेला नाही.”

“खरा? अरे, शेवट ऐकलास ना त्याचा? जिन्यावरून गडगडत खाली येतो, डोकं आपटतं, आणि उठून ओरडतो काय, मला दिसतंय, मला दिसतंय! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या.”

सुताराने मालकाला डोळ्यांनी दटावलं, पण बाण सुटला होता. खोलीत टाकीत पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज.

डायवरची बोटं रिकाम्या चौकटीच्या भोकांवरून फिरली. मग तो शांतपणे म्हणाला, “हां, तो होय. माझी गल्लत झाली. मी दुसराच म्हणत होतो.” आणि उठून टाकीत हात घालून म्हणाला, “भिजला वेत. लागा कामाला.”

वेत भिजलेला नव्हता. त्या दिवशी त्याच्या हातून पट्ट्या मोडल्या.

घरी आला तेव्हा डायवरीण कपड्यांवर पाणी शिंपडत होती. तो नेहमीच्या जागी बसला. चहा घेतला. मग म्हणाला, “त्या फूलवालीच्या सिनेमाचा शेवट सांग ना पुन्हा.”

पाणी शिंपडणारा हात हवेत थांबला असेल, पण ते त्याला दिसणार नव्हतं. ती म्हणाली, “आज कुठे आठवला तो?”

“असाच. सांग.”

तिने सांगितला. तेच दुकान, तेच हार, तेच गिऱ्हाईक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कारखान्यात तर दुसराच सांगतात,” तो म्हणाला. “जिन्याचा.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. पदराने हात पुसले. खोटं पकडलं गेलं की माणूस एकतर रडतो नाहीतर भांडतो. तिने दोन्ही केलं नाही. जे होतं ते सांगितलं, मध्यंतरातल्या बाईपासून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येण्यापर्यंत. “तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडाल, याची भीती वाटली मला.”

“भीती तुझी होती,” तो म्हणाला. “डोळे माझे होते.”

“एकदाच केलं हो. शपथ घेते.”

“एकदाच केलंस हे मला कुणी सांगायचं? तूच ना?”

ती शिंपडलेला कपडा उगाच पुन्हा दुमडू लागली. तो म्हणाला, “पोरगी सासरी जाताना खरंच हसत होती?”

“हो! अहो, हसत होती. देवाशप्पथ.”

तो नुसता मान हलवत राहिला. आणि दुःख बघा कसं असतं, पोरगी खरंच हसत होती. पण एका खोट्याने मागची सगळी खरी वाक्यं पुसून गेली, ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी.

“मला वाटायचं,” डायवर म्हणाला, “माझे गेले तर गेले, तुझे तर आहेत. तेवढ्यावर मी चाललो होतो.”

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. तो आवाज चढवत नव्हता, जेवणाला नाव ठेवत नव्हता. फक्त दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो तिचा शब्द फुंकून घ्यायला लागला. ती म्हणाली, “दाराला निळा रंग दिलाय,” तर तो शेजारच्या म्हाताऱ्याला सहज विचारायचा, “काय हो, आमच्या दाराचा रंग बरा दिसतो का? कुठला तो?” ती म्हणाली, “आभाळ भरून आलंय,” तर हा अंगणात जाऊन तळहात वर करून उभा राहायचा. सदरा घातला की कारखान्यात सुताराला विचारायचा, “डाग आहे का रे?” सुतार एकदा बोलून गेला, “वहिनींच्या हातचा सदरा, त्याला डाग? डायवर, डोकं ठिकाणावर आहे ना?” तेच शब्द सुताराने नंतर कपडे टाकायला आल्यावर वहिनींनाही सांगितले, कौतुक म्हणून. तिला मात्र कळलं. रोज आपली झडती होते आहे, हे तिला कळलं.

रस्त्यावरही तसंच. तिच्या खांद्यावरचा हात गेला, काठी आली. “सवय करायला हवी,” म्हणाला. ती एक पाऊल मागून चालायची आणि काठी खड्ड्याच्या कडेला गेली की तिचा जीव खालीवर व्हायचा, पण तोंडातून शब्द काढायची चोरी. “डावीकडे घ्या” म्हटलं, तर तो थांबून आधी काठीने डावीकडे ठोकून बघायचा. एकदा हातगाडीच्या दांड्यावर नडगी आपटली. रक्त आलं. तिने न विचारता धुवून पट्टी बांधली, त्याने न बोलता बांधू दिली. संसार इतका स्वच्छ आणि इतका गार कधी झाला नव्हता.

सिनेमाला जाणं तर बंदच. थिएटरचा दारवान एकदा तिला बाजारात भेटला. म्हणाला, “काय हो, मागची रांग ओस पडली! लोक विचारतात.” ती म्हणाली, “त्यांना बरं नाही.” आणि लगेच तिच्या लक्षात आलं, हेही खोटंच. तिने त्याला परत हाक मारली. “तसं नाही हो. त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नाही.” दारवान गोंधळून बघत राहिला. सांगायची गोष्ट नव्हती ती दारवानाला, पण तिला आता कुणाशीच खोटं बोलवत नव्हतं.

जुने सिनेमे दुपारच्या खेळाला पुन्हा लावायची त्या थिएटरची पद्धत होती. बऱ्याच महिन्यांनी तो फूलवालीचा सिनेमा परत लागला. डायवरिणीने फलक पाहिला आणि घरी काही बोलली नाही. मग इस्त्री फिरवता फिरवता तिला वाटलं, हे न बोलणं म्हणजे पुन्हा तेच. ती म्हणाली, “तो सिनेमा लागलाय.”

डायवर दाढी करत होता. वस्तरा गालावर थांबला.

“मी तुम्हाला न्यावं असं माझं म्हणणं नाही,” ती म्हणाली. “लागलाय, एवढंच सांगते.”

“चल,” तो म्हणाला. “शेवट राहिलाय माझा.”

दुपारचा खेळ, माणसं थोडी. दारवानाने काही न विचारता मागची रांग दिली. अंधार झाल्यावर ती सांगायला लागली, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी तिच्या सांगण्यात थट्टा असायची. आज ती साक्षीला उभी राहिल्यासारखी बोलत होती. “खोली आहे. खिडकी उघडी. तो बसलाय. ती आली. फुलं टेबलावर ठेवली. त्याचा सदरा चुरगळलाय.” मध्यंतरात चहा आणला, तो गार झाला.

शेवट आला. जिना. ती थांबली नाही. “पाय चुकला. पडला. खाली पडलाय. डोक्याला रक्त आहे. सगळे धावले.” वाद्यं वाजली, आणि पडद्यावरून तो आवाज आला, मला दिसतंय! आई, मला दिसतंय! थोडीच माणसं होती, पण पोट धरून हसली. कुणीतरी शिट्टी मारली. डायवरिणीने डोळे मिटून घेतले, आणि लगेच उघडले. आज मिटायचे नव्हते.

डायवरचं डोकं किंचित पुढे झुकलं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होती. तिला तीच जुनी खिडकी दिसत होती.

“मग?” तो म्हणाला. “आता काय करतो?”

“आईकडे बघतो. तिच्या तोंडावरून हात फिरवतो. डॉक्टरांकडे बघतो.”

“आणि ती?”

“कोण?”

“फूलवाली. तिच्याकडे बघितलं का त्याने?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर? किती छोटा शब्द. आणि पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, नुसती वाद्यं होती. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“बघतेच आहे. आरसा आणलाय कुणीतरी. त्यात तोंड बघतो आहे स्वतःचं. आता बाहेर निघाला सगळ्यांबरोबर. ती दाराशी उभी आहे. तिच्या अंगावरून पुढे गेला.”

“एकदाही नाही?”

“नाही हो. एकदाही नाही.”

दिवे लागले. लोक हसत, आळोखेपिळोखे देत उठले. डायवर बसून राहिला. त्याने चेहरा दोन्ही हातांनी पुसला, घाम पुसावा तसा.

“काय भिकार माणूस आहे,” तो म्हणाला. “तीन तास जिने नेलं आणलं, तिचं तोंड बघावंसं वाटलं नाही याला. डोळे आले ते कशाला मग?” थोड्या वेळाने म्हणाला, “मालक म्हणतात ते खरं आहे. सगळ्यांत वाईट सिनेमा. पण त्यांना का वाईट ते कळलेलं नाही.”

दारवान दूर झाडू घेऊन उभा होता, पण त्याने घाई केली नाही.

“आता एक सांग,” डायवर म्हणाला. “तो अंगावरून निघून गेला, तेव्हा तिचं तोंड कसं होतं?”

डायवरिणीने आठवून बघितलं. मग सावकाश म्हणाली, “हसत होती. बाकी सगळे हसत होते म्हणून असेल. हसत होती, पण तोंड तसंच राहिलं, मिटायचं विसरल्यासारखं. मग तिने पायरीवरची फुलं उचलली. पडली होती ती. एकेक उचलली आणि झटकली. तेवढं दाखवलं, आणि संपलं.”

हे पडताळून बघायला थिएटरात दारवान होता, पुढच्या रांगेत एक जण चप्पल शोधत रेंगाळलाही होता. डायवरने कुणाला विचारलं नाही. तो बराच वेळ त्या पायरीवरच्या फुलांकडे बघितल्यासारखा बसून राहिला. मग म्हणाला, “एकेक उचलली म्हणतेस,” आणि उठला.